सिस्टरांचे मिस्टर

अख्ख्या मुलुंडमध्ये घर करणं म्हणजे काय, हे एकाच माणसाला कळलेलं आहे आणि तो माणूस आमच्या समोरच्या दारात राहतो. बाकी आम्ही सगळे नुसती दारांना कुलपं लावतो आणि काढतो. त्यांची बायको एका मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर, त्यामुळे बिल्डिंगभर त्यांची ओळख ‘सिस्टरांचे मिस्टर’ अशीच. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण त्या पाटीभोवती त्यांनी मनीप्लांट असा काही फिरवलाय की पोस्टमनसुद्धा ‘ते पाल्यातले साहेब आहेत का घरी?’ असं विचारतो. मी त्यांना काका म्हणते. लग्न होऊन मी या बिल्डिंगमध्ये आले, त्या दिवशी माप ओलांडायच्या आधीच त्यांनी मला थांबवलं होतं, कारण आमच्या दाराचं तोरण एका बाजूला उतरलं होतं. सासूबाई ओवाळणीचं ताट धरून उभ्या, नवरा फेट्यात घामाघूम, आणि हे अनोळखी गृहस्थ स्टुलावर चढून तोरण सरळ करतायत. “हं, आता ये पोरी,” खाली उतरत ते म्हणाले. “पहिलं पाऊल वाकड्या तोरणाखालून नको.”

काका मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. भांडुपच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांची शलोमी नुकती रांगायला लागलेली आणि सिस्टरांच्या रात्रपाळ्या चालू. बरोबरच्यांपैकी कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी गेलं. काकांनी एप्रन बांधला. “लोक म्हणतात नोकरी गेली. मी म्हणतो, पाचारण झालं,” ते सांगतात. पाचारण म्हणजे खुद्द देवाचं बोलावणं. “पाळकसाहेबांना त्यानं चर्चमध्ये बोलावलं, मला स्वयंपाकघरात. बोलावणारा तोच ना!” हे सांगताना हातात कढईची घासणी असते, पण आव असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणच उगाच ऑफिसात जाऊन जन्म फुकट घालवतोय.

बरं, हे बोलावणं त्यांनी चार भिंतींपुरतं ठेवलं असतं तर आम्ही सुखानं पसाऱ्यात राहिलो असतो. पण काकांच्या लेखी सौंदर्य म्हणजे पाण्यासारखं, वाट मिळेल तिकडे जायचंच. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत तगरीची डहाळी, तीही जिन्याच्या वळणावर. लिफ्टमध्ये क्रोशाचं तोरण, ते दारात अडकून लिफ्ट दुपारभर बंद पडली, तर हे सगळ्यांना लिंबू सरबत देत जिन्यात उभे, वर म्हणतात, “चढताना फुलं दिसली की नाही?” साध्या खारी-चहालासुद्धा इस्त्रीचा टेबलक्लॉथ. एकदा माझ्याकडे मूठभर कोथिंबीर मागायला आले आणि तासाभरानं गेले तेव्हा माझ्या मांडणीतले डबे उंचीप्रमाणे उभे होते. त्यानंतर आठवडाभर मला हळद सापडली नाही. खालच्या मालवणी आजी तर त्यांना पाहिलं की पदर कमरेला खोचतात. “ह्यो बापयो भांडी घासता की माका खिजयता, ता काय कळणा नाय गो!” असं म्हणतात, आणि त्याच दिवशी आपली पितळी समई चिंचेनं घासून लख्ख करतात.

पण घर नुसतं देखणं असून चालत नाही, त्यात शांतता नांदायला हवी, हा त्यांचा दुसरा हट्ट. सिस्टर रात्रपाळी करून सकाळी येत आणि दिवसा झोपत. त्या झोपेसाठी काकांनी अख्खी बिल्डिंग कुजबुजायला शिकवली. भाजीवाला आमच्या मजल्यावर आला की तोंडाशी हात धरून ‘कांदे… बटाटे…’ असं म्हणतो, जणू चोरीचा माल विकतोय. भांडणाला त्यांच्या दाराच्या आत प्रवेशच नाही. सेक्रेटरी आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरचे शहा बाथरूमच्या गळतीवरून हमरीतुमरीवर आले, तेव्हा काकांनी दोघांना दंडाला धरून आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि पुढ्यात मटारचा ढीग ओतला. “भांडा खुशाल, पण हात चालू ठेवा.” मटार सोलताना आवाज चढवता येत नाही, हे मी तिथे स्वतः पाहिलं. एखादा दाणा घरंगळतो, तो पकडावा लागतो, आणि तेवढ्यात रागाचं सूत्र सुटतं. ढीग संपला तेव्हा प्लंबर कोण आणायचा यावर दोघांचं एकमत झालं होतं आणि काकांचा मटार-पुलाव शिजत होता.

या सगळ्या शांतीत एकच फटाक्यांची माळ होती, ती म्हणजे त्यांची लेक. शलोमी या नावाचा अर्थ म्हणे शांती! पोरगी हुशार, बीकेसीत चांगल्या नोकरीला, पण बोलायला लागली की आमच्या खिडकीच्या काचा थरथरत. बापावर तिचा जीव होता. मात्र शाळेपासून ‘तुझे पपा काय करतात?’ या प्रश्नावर ती बूट बांधायला खाली वाकायची, हे मी पाहिलं होतं.

ऑफिसातल्याच एका मुलाशी तिचं जमलं. बोरिवलीचा, ख्रिस्तीच, साधा मुलगा. त्याचे आईवडील रविवारी भेटायला यायचे होते. काकांनी आठवडा आधीपासून असा धुमाकूळ घातला की वाटावं, राज्यपाल उतरणार आहेत. पडदे नवे शिवले, उशांना झालरी लावल्या, पंख्याची पाती पुसली ती वरच्या बाजूनंसुद्धा. शनिवारी शलोमी माझ्याकडे आली आणि दार लावून घेत म्हणाली, “ताई, वाट लागली.”

“का गं? मुलगा नाही म्हणतोय?”

“तो कशाला नाही म्हणेल? मीच घोळ घातलाय. त्याच्या मम्मीनं विचारलं, पपा काय करतात. मी म्हटलं, इंटिरियर डिझायनर आहेत.”

मला हसू आवरेना. “अगं, मग काकांना सांगून ठेव ना.”

“कोणत्या तोंडानं सांगू, यार?” असं म्हणून ती चक्क रडायला लागली. ती सांगणार नव्हती, आणि मलाही तिनं शपथ घातली होती.

रविवारी वाढायला मदतनीस म्हणून मी हजर होतेच. मुलाची आई एका शाळेत मुख्याध्यापिका. नजर अशी की टेबलावरचे चमचेसुद्धा सावधानमध्ये उभे राहतील. वडील गुबगुबीत, सोफ्यात बसले ते बसलेच. सिस्टर ड्यूटीवरून थेट आलेल्या, दमलेल्या, पण हसऱ्या. केक झाला, करंज्या झाल्या, आणि बाई काकांकडे वळल्या.

“आमच्या बोरिवलीच्या हॉलचं काही तरी करायला हवं. तुमच्यासारख्यांनी सांगावं. सुरुवात कुठून करता तुम्ही?”

काकांना परमानंद. “सुरुवात? केर काढण्यापासून!” ते म्हणाले. “आधी वरची जळमटं, मग फर्निचरखालचा केर. रोज. फरशी पुसायच्या पाण्यात थोडा कापूर टाकायचा.”

बाई जरा थबकल्या. “नाही, म्हणजे… तुमची फी काय असते?”

“फी? कसली?”

शलोमीचा चेहरा पांढराफटक. काकांनी बाईंकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलं. हातातली किटली त्यांनी हळूच खाली ठेवली.

“पोरगी मोठ्या मनाची आहे माझी,” ते म्हणाले. “बापाच्या कामाला मोठं नाव दिलं तिनं. मी घर सांभाळतो, बाई. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट. हिची आई रोगी माणसं सांभाळते, मी तिला. देवानं मला हेच दिलं, आणि खरं सांगू, मला ते फार आवडतं.”

शलोमी उठून आत पळाली. मग बाईंनी पडद्याची कड बोटांत धरली, उलटसुलट करून शिलाई पाहिली.

“हे तुम्ही शिवलेत?”

“हो.”

“केक?”

“मीच.”

बाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत?”

“माझ्याकडे काय बघतेस?” ते गृहस्थ दचकून म्हणाले, आणि जन्मात प्रथमच स्वतःची बशी स्वतः उचलून आत निघाले. ती ठेवायची कुठे हे माहीत नसल्यामुळे ते बाथरूममध्ये शिरले. सिस्टर आधी हसल्या, मग बाई हसल्या, मग आम्ही सगळेच इतके हसलो की खालून आजींनी विचारलं, “जमला काय गो?” जमलं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले तर शलोमी ओट्याला टेकून हुंदके देत होती आणि काका शेजारी उभे होते. “सॉरी, पपा,” ती म्हणत होती. “रडायचं तर तो जुना पंचा घे,” काका म्हणाले. “त्या नॅपकिनला इस्त्री आहे.” आणि नॅपकिन काढून घेता घेता त्यांनी तिला जवळ ओढलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ते माझ्या दारात आले. “हे इंटिरियर डिझायनर नक्की करतात तरी काय गं?” मी सांगितलं, लोकांची घरं सजवून देतात. “आणि मग तिथं राहत नाहीत?” नाही, म्हटलं. “मग त्यांना कळत कसं असेल?” असं काहीसं पुटपुटत ते परत गेले.

लग्न झालं, शलोमी बोरिवलीला स्वतंत्र संसार करू लागली. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये खरं तर एक डोंगरच तेवढा, पण त्याला वळसा घालून जायचं म्हणजे सकाळ मोडते. गेल्या महिन्यात काका पहिल्यांदा एकटेच तिच्याकडे जाऊन आले. मी मुद्दाम चौकशीला गेले. मला वाटलं, पोरीचं घर यांनी छतापासून जमिनीपर्यंत उलथंपालथं केलं असणार.

“कशालाही हात लावला नाही,” ते म्हणाले. “सगळीकडे पसारा. दोन चपला दोन दिशांना. मी हातांवर बसून राहिलो बघ. तिचं घर आहे ते.”

“आणि शलोमी?”

“तिनं चहा केला. मी उठायला लागलो तर ओरडली माझ्यावर. म्हणाली, पपा, तुम्ही बसा.”

“कसा झाला होता?”

“पाणचट,” काका म्हणाले. मग हातातल्या फडक्याची त्यांनी उगाचच पुन्हा एकदा घडी केली. “पण पोरी, मला बसवून कुणी हातात चहा दिला, त्याला किती वर्षं झाली, ते काही केल्या आठवेना. दुसरा कप मागून घेतला मी.”