विज्ञानाची शेवटची तुकडी

देशाचं सोनं परदेशात गहाण पडलंय, ही बातमी बाबांनी देगलूरच्या आमच्या घरात मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा मी सातवीत होते. बाबा सरकारी शाळेत अकरावी-बारावीला विज्ञान शिकवायचे. लवकरच धोरण बदललं. बाजार खुला होणार, सरकार हळूहळू हात काढून घेणार, असं सगळे बोलू लागले. आईला ते बरं वाटलं. रॉकेलच्या रांगेत उभं राहून ती कंटाळली होती. बाबांचं म्हणणं, दुकान चाललं नाही तर बंद करता येतं, शाळेचं तसं करता येत नाही.

मग भूकंप झाला. बाबा रजा टाकून किल्लारीकडं गेले आणि पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना शिकवत राहिले. परत आले ते उमेद घेऊनच. सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं ते बघून आलो, असं भेटेल त्याला सांगत.

पुढच्या निवडणुकीत एक उमेदवार आमच्या गल्लीत आले. शाळेला गणिताचा मास्तर कधी देणार, असं बाबांनी उठून विचारलं.

"गुरुजी, सरकारनं किती करायचं? लातूर बघा की. लोकांनीच क्लास काढले."

गल्लीनं माना डोलावल्या. शेजारच्या टेलरचाचांनीही. त्यांची मुलगी माझ्याच बाकावर बसायची आणि गणितात माझ्यापेक्षा लई पुढं होती.

दहावीनंतर आईनं मला लातूरला पाठवायचं ठरवलं. बाबा वाद घालतील असं वाटलं होतं.

"जा," ते म्हणाले. "पोरीला पणाला लावून मला खरं ठरायचं न्हाई."

सोडायला आले तेव्हा क्लासच्या खिडकीबाहेर उभे राहून त्यांनी एक तास ऐकला. शिकवतात चांगलं, एवढंच बोलले आणि एसटीत बसले.

चाचांना लातूर झेपणारं नव्हतं. त्यांची मुलगी बाबांच्या वर्गात गेली. पण ज्यांना जमलं ते सगळे लातूरला गेले होते. वर्षभरात पटसंख्येअभावी विज्ञानाची तुकडी बंद झाली. उरलेल्या मुलांना बारावीसाठी नांदेडला जायला सांगितलं. बाबा पुन्हा पुन्हा चाचांकडं गेले. चाचा मान खाली घालून म्हणाले, "मास्टरसाब, गावात होती तोवर हौ म्हटलं. इतक्या लांब कसं धाडू?" ती शिलाई मशीनवर बसली. पुढं तिचं लग्न झालं.

मी डॉक्टर झाले, नांदेडला दवाखाना टाकला. निवृत्तीनंतर बाबा माझ्याकडंच राहतात. गेल्या निवडणुकीत त्यांना मतदानाला घेऊन गेले. परतताना विचारलं, आता कुणाकडून काही अपेक्षा आहे का?

"मोठं ते सोनं गहाण पडलं तेव्हाच ठरून गेलं," बाबा म्हणाले. "आपल्याला कुणी इचारलं न्हाई. अन् गल्लीत मी इचारलं तेव्हा बाकीच्यांनी उमेदवाराच्या बोलण्यावर माना डोलावल्या."

घरी पोचलो तेव्हा माझी मुलगी क्लासला निघाली होती.