एक ठिपका कमी

सिस्टरला सगळे सिस्टर म्हणतात यात नवल नाही. पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण तिचा नवराही तिला सिस्टरच म्हणतो. अपेंडिक्सच्या वेळी भूल चढता चढता त्याने तिला पहिली हाक मारली ती "सिस्टर, दुखेल का हो?" अशी. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न होऊन ती सासरी गेली, तरी त्याच्या तोंडातला शब्द बदलला नाही. चारचौघांत ऐकणाऱ्याला जरा विचित्र वाटतं. वाटू दे, असं सिस्टरचं म्हणणं.

मशीन मुलीचं. स्टिकर कापायचं घरगुती मशीन तिने मोठ्या हौसेने घेतलं, चार महिन्यांत हौस फिटली, आणि एका रविवारी ते माहेरी येऊन पडलं. "आई, जरा ठेव गं, नंतर नेते." त्या नंतरला आता पाच वर्षं झाली. सिस्टर नुकतीच निवृत्त झाली होती, हात रिकामे होते, आणि रिकामे हात घेऊन बसायची तिला सवय नव्हती. तिने माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, जे मुलीने कधी उघडलंही नव्हतं.

काम तसं सोपं. कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवायची, चिकट व्हिनाइलचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, रंगीत ताव मशीनमध्ये सरकवायचा, की आतलं बारीक पातं फिरून वरचा रंगीत थर तेवढा कापतं. खालच्या कागदाला ओरखडाही उठत नाही. सिस्टरने पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ती तशीच उभी राहिली. इतक्या हलक्या हाताने कापणारे सर्जन तिने आयुष्यात दोनच पाहिले होते, आणि त्यातला एक दारू प्यायचा.

सुरुवातीला फजिती झाली. सोसायटीच्या नावाची अक्षरं एकमेकांना जोडायची राहिली, आणि मशीनने प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी सुटी कापून दिली. लिफ्टच्या दारावर चिकटवलेलं ते नाव दुसऱ्या दिवशी मुलांनी थोडंथोडं घरी नेलं. पण हात बसला. कापून झाल्यावर नको असलेलं व्हिनाइल आकड्याने उचलून काढावं लागतं, त्याचा भल्याभल्यांना वैताग येतो. सिस्टरला तेच आवडे. आणि ती मोजायची. किती तुकडे कापले, किती लावले, किती उरले. "स्टिकरच आहेत ना," नवरा एकदा म्हणाला, "कुणाच्या पोटात राहणार आहेत का?" त्यावर ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही, आणि आपण काय बोललो हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

ते असं. बावीस वर्षांपूर्वी एका बाईचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पोट शिवायच्या आधी सिस्टरने रक्त टिपायच्या गॉजचे तुकडे मोजले. एक कमी भरला. पुन्हा मोजले, पुन्हा कमी. डॉक्टर घाईत होते, पुढचा पेशंट टेबलाची वाट बघत होता. "तुमचं मोजणं चुकलंय, सिस्टर. माझ्या हातून आत काही राहत नाही. मोजणी बरोबर, असं लिहा." आणि सिस्टरने लिहिलं, बरोबर. बाई चौथ्या दिवशी घरी गेली आणि ठणठणीत आहे. ती सिस्टरच्याच भागात राहते. रस्त्यात भेटली की सिस्टर आधी तिच्या पोटाकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि विचारायची, "पोट काय म्हणतंय?" हल्ली ती बाई सिस्टरला लांबून पाहिलं की रस्ता ओलांडते.

आणि परवा त्याच डॉक्टरांचा फोन आला. डॉक्टर आता एकाहत्तर वर्षांचे. घरी बसवेना म्हणून त्यांनी दोन खोल्यांचं क्लिनिक थाटलं होतं. दार पूर्ण काचेचं, आणि ते इतकं स्वच्छ की सुतार त्यावर एकदा आणि स्वतः डॉक्टर दोनदा आपटले होते. दारावर नाव हवं, वेळा हव्यात, आणि डोळ्यांच्या उंचीवर निळ्या ठिपक्यांची रांग हवी, म्हणजे काच आहे हे कळेल.

"तुमच्याइतकं चोख काम कोण करणार?" डॉक्टर म्हणाले.

"बघते," सिस्टर म्हणाली.

उद्घाटन अकराला. सिस्टर साडेनऊलाच पोचली. काच स्पिरिटने पुसली, दोरा ताणून रेघ धरली, नाव लावलं, वेळा लावल्या. ठिपके चौसष्ट, सोळासोळाच्या चार पट्ट्या. ठिपक्यांवर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, त्यांना कागदावरून अलगद उचलायचं, काचेवर लावून जुन्या आयकार्डाच्या कडेने घासायचं, आणि पट्टी तेवढी सोडवायची. ठिपके काचेवर राहतात. तिसरी पट्टी सोडवली आणि सिस्टर थांबली. सातव्या ठिपक्याची जागा रिकामी होती.

तिने चौथी पट्टी लावून घेतली आणि मोजलं. त्रेसष्ट. पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. खालचे कागद पाहिले, दोन्ही बाजूंनी. काही नाही. मग घरी फोन लावला.

"अहो, केराच्या डब्यात निळं व्हिनाइल आहे, ते काढा."

"आत्ता? दूध ठेवलंय मी."

"गॅस बंद करा. ठिपके काढून उरलेली जाळी आहे ती. त्यातली भोकं मोजा."

"भोकं."

"भोकं."

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू आली. "सिस्टर, हे स्वतःलाच चिकटलंय."

"सोडवा."

"आता मला चिकटलंय." पुन्हा खुडबुड. "एकोणसाठ."

"ताणलं की दोन भोकांचं एक होतं. नीट बघून मोजा."

"चौसष्ट. तीनदा मोजली. आणि दूध उतू गेलं."

"गॅस बंद करा म्हटलं होतं," असं म्हणून सिस्टरने फोन ठेवला. चौसष्ट भोकं म्हणजे ठिपके चौसष्टच निघालेले. म्हणजे तो कुठेतरी होता.

तिने पायपुसणं झटकलं, सोफा पुढे ओढला, झाडू मागून घेऊन कोपरे काढले. डॉक्टर आतून नवा सूट घालून बाहेर आले.

"काय चाललंय, सिस्टर?"

"एक ठिपका कमी आहे. बूट दाखवा."

"काय?"

"तळवा."

डॉक्टरांनी भिंतीला धरून एक पाय उचलला.

"दुसरा."

त्यांनी दुसरा उचलला. तळव्यावर दुकानाचं लेबल होतं, ठिपका नव्हता.

"अहो, दुसरा कापून लावा ना!"

"जादाचे पाच वेगळे कापून आणलेत. ते पाचच्या पाच पर्समध्ये आहेत."

"मग झालं! लावा एक. पावणेअकरा झालेत."

"लावला की रांग पुरी होईल, सर. मोजणी पुरी होणार नाही."

"एक कागदाचा ठिपका! कोण मोजणार आहे इथे?"

"मी मोजलेत."

डॉक्टरांनी जोरात श्वास सोडला. "तुम्ही अजून तशाच आहात."

"नाही," सिस्टर म्हणाली. "तेव्हा मी तुमचं ऐकलं होतं."

डॉक्टर सोफ्यावर बसले. सोफ्याचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं, ते मोठ्याने वाजलं. कोणतं ऑपरेशन, कोणती बाई, हे त्यांनी विचारलं नाही. पाय वर घेऊन ते बुटाच्या तळव्यावरचं लेबल नखाने खरवडू लागले.

"तिचा मी एक्स-रे काढला होता," शेवटी ते म्हणाले. "दीडएक महिन्याने. खोकला झाला म्हणून आली होती."

"खोकल्याला पोटाचा एक्स-रे?"

"तिने विचारलं नाही. काही नव्हतं आत. गॉजमधला धागा एक्स-रेत दिसतोच, तो नव्हता. पोट साफ होतं."

सिस्टरच्या हातात झाडू होता. तो तिने भिंतीला टेकवून ठेवला. तो घसरून पडला, तो तिने उचलला नाही.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर माझीही खात्री नव्हती हे सांगावं लागलं असतं."

"बावीस वर्षं मी त्या बाईचं पोट बघतेय, सर. तिने रस्ता बदलला."

"हं," डॉक्टर म्हणाले. सॉरी हा शब्द त्यांनी आयुष्यात वापरला नव्हता आणि आता तो त्यांना सापडतही नव्हता, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

काचेबाहेर पाहुणे जमू लागले होते. कुणीतरी फीत बांधत होतं, कुणी हात हलवत होतं. सिस्टरला हसावंसं वाटत होतं आणि डॉक्टरांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. यातलं तिने काहीच केलं नाही. तिने पर्समधून कामाचा कागद आणि पेन काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"लिहा. ठिपके चौसष्ट कापले, त्रेसष्ट लावले. एक कमी. शोधला, सापडला नाही."

डॉक्टरांनी लिहिलं.

"हे कुणाला वाचता येईल, सर?"

त्यांनी खाली पुन्हा लिहिलं, शाळेतल्यासारखं एकेक अक्षर सुटं.

"सही."

त्यांनी सही केली. बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली. सिस्टरने हातानेच थांबा म्हणून खूण केली, आणि इतकी माणसं निमूट थांबली.

"आता पान उलटा," ती म्हणाली. "त्या बाईचं लिहा. गॉज एक कमी, तरी बरोबर लिहायला लावलं. मग एक्स-रेचं लिहा. ऑपरेशनची तारीख मी सांगते."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग खिशातून वाचायचा चष्मा काढला, तो पुसला, आणि पान उलटलं.