सगळ्यांच्या नावापुढे ‘होय’

वाघमारे मॅडम कुठेही गेल्या की आधी संडास बघत. म्हणजे आत जाऊन कडी लावत, दार दोनदा गदागदा हलवत, दिवा लावून विझवून बघत आणि मगच बाहेर येऊन यजमानांना जय भीम घालत. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मुलीकडची मंडळी स्वागताला गुलाबपाणी घेऊन उभी होती आणि मॅडम हॉलच्या मॅनेजरला झापत होत्या, कारण बायकांच्या बाजूचा बल्ब गेला होता.

शनिवार पेठेतल्या आमच्या संस्थेच्या कचेरीत त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाही हेच झालं. मी हिंजवडीतली नोकरी सोडून नुकताच तिथे लागलो होतो, आणि आपण समाजावर मोठे उपकार केले आहेत असा माझा ठाम समज होता. मी पाणी आणून ठेवलं. मॅडम थेट मागे गेल्या. दार आपटल्याचे आवाज आले.

“कडी लागते, पण बाहेरून धक्का दिला की निघते,” परत येऊन त्या म्हणाल्या. “इथे मुली काम करतात ना?”

“करतात. पण कोणाची कधी तक्रार नाही आली.”

“तक्रारपेटी असेलच. साहेबांच्या टेबलासमोर ठेवली असेल, सगळ्यांना दिसेल अशी.”

पेटी तिथेच होती. लावली मीच होती.

आपत्तीच्या काळात बायकांवर होणारे अत्याचार, हा मॅडमचा विषय. भूकंप, वादळं, युद्धातून पळून आलेल्या माणसांच्या छावण्या, सगळीकडे त्या काम करून आल्या होत्या. विश्रांतवाडीत राहणाऱ्या त्यांच्या आईला मात्र हे शेजारणींना कसं सांगावं ते कळत नसे. “पूर आला की हिला बोलावणं येतं,” एवढंच ती सांगे, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या काकू मॅडमना शेवटपर्यंत पाटबंधारे खात्यातल्या समजत होत्या.

मी एकदा नीट विचारलं. म्हणाल्या, “अहो आगाशे, पुरात आधी भिंती जातात. भिंती गेल्यावर बायकांचं काय होतं, ते बघायचं. त्यात तज्ज्ञ कसलं डोंबलाचं? कडी, दिवा आणि गप्प बसणं. पहिली दोन कामं सुताराला आणि वायरमनला येतात. तिसरं पुण्यात कोणाला येत नाही.”

मग एका वर्षी पुण्यातच नदीला पूर आला. काठावरच्या वस्तीतली माणसं एका शाळेत हलवली. एकेका वर्गात पाच-सहा कुटुंबं. याद्यांचं काम माझ्याकडे होतं. मॅडम सकाळी यायच्या, खाली बसकण मारायच्या आणि बायकांबरोबर भाजी निवडायच्या. ‘तुम्हाला काही त्रास आहे का’ असं त्यांनी एकीलाही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला.

“मॅडम, अहवालात काय लिहू?”

“लिहा, मेथी निवडली. आणि खरं लिहायचं असेल तर लिहा, आगाशेंनी फक्त पाहिली.”

चौथ्या दिवशी एक बाई त्यांच्याशी बोलली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. मॅडमच्या वाचनात आलं तर माझी धडगत नाही. नवरा मारायचा. शाळेत चारचौघांत हात उगारता येत नव्हता, म्हणून ‘घरी गेल्यावर बघतो तुझ्याकडे’ असं रोज कानात सांगायचा. पाणी ओसरायच्या आत लेकीला घेऊन बहिणीकडे निघून जायचं, असं तिने ठरवलं होतं. त्याला सुगावा लागला असता तर त्याने जीवच घेतला असता, असं ती म्हणाली होती. हे सगळं मला नंतर कळलं.

मॅडमनी मला तेव्हा एवढंच सांगितलं, “या बाईंसाठी एक जादा पिशवी बाजूला ठेवा. कपडे, औषधं, टॉर्च. कोणाला बोलू नका.”

मी अक्षरशः कोणाला बोललो नाही. फक्त वाटपाच्या यादीत ‘विशेष मदत’ असा एक नवा रकाना पाडला, छत्तीस बायकांपैकी एकीच्या नावापुढे ‘होय’ असं टाइप केलं, आणि नेहमीप्रमाणे यादी छापून व्हरांड्यातल्या फळ्यावर लावली. कारभार पारदर्शक हवा. हिंजवडीत याबद्दल माझी दोनदा पाठ थोपटली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा फळ्यासमोर उभा होता. बोट नेमकं त्या नावावर होतं.

“ओ साहेब, ही कसली मदत? आन आमच्या हिलाच कशी काय?”

तेवढ्यात मागून मॅडम आल्या. त्यांनी यादीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या मलाच बोलू लागल्या.

“आगाशे, सगळ्या बायकांना होय लिहा म्हणून सांगितलं होतं ना? एक नाव भरलं आणि चहाला गेलात? शनिवार पेठेत दुपारी झोपतात हे ऐकून होते, सकाळीही झोपता?”

माझ्या खिशातलं पेन त्यांनी उपसलं आणि त्या माणसासमोर एकेका नावापुढे ‘होय’ लिहीत सुटल्या. शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. त्यापुढेही होय.

“बायकांची तपासणी आहे, दादा. एकेकीला आत घेणार. वेळ लागेल. तुमचीही करून घेता? पण इंजेक्शन घ्यावं लागेल.”

तो गेला. मॅडमनी पेन माझ्या खिशात परत खोचलं.

“मॅडम, चुकलो,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता एखादा टोमणा येईल. तो आला नाही. “ती मेली असती, आगाशे,” त्या हळू म्हणाल्या.

आता तपासणी खरोखरच करणं भाग होतं. ओळखीच्या डॉक्टरीणबाई आल्या, मागचा एक वर्ग रिकामा केला, सुताराने दाराला नवी कडी बसवली. दोन दिवस एकेक बाई आत जात होती. कोणी गुडघे दाखवून यायची, कोणी नुसती बसून यायची, आणि तिघीजणी अशा काही बोलल्या की मॅडम संध्याकाळी माझ्याशीसुद्धा भांडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई लेकीला घेऊन आत गेली. नवरा व्हरांड्यात बसून होता. आत गेलेल्या बाईला वेळ लागतो, याची एव्हाना सगळ्या पुरुषांना सवय झाली होती. वर्गाला मागूनही दार होतं, आणि मागच्या फाटकाशी मी रिक्षा उभी केली होती. पिशवीही मीच ठेवली. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रिक्षा गेली.

पुढे मी मॅडमना अनेकदा विचारलं, “त्या बाईंचं काय झालं हो?”

“कोणत्या बाईंचं?” त्या विचारायच्या. चेहरा इतका कोरा, की शाळा, पूर, रिक्षा हे सगळं मलाच स्वप्नात दिसलं की काय असं वाटावं.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. विश्रांतवाडीतल्या एका हॉलमध्ये निरोपसमारंभ होता. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत इस्त्रीची साडी नेसलेली एक बाई बसली होती, शेजारी कॉलेजातली वाटावी अशी उंच मुलगी. मी ओळखलं. तिनेही मला ओळखलं असावं, कारण तिने चटकन मान खाली घातली.

आमचे संचालक मोबाइल सरसावून माझ्या कानाशी आले. “आगाशे, त्या कोण हो? आपल्या कुठल्या छावणीतल्या का? फोटो मिळाला तर वार्षिक अहवालाला झकास होईल.”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “मॅडमच्या नात्यातल्या असतील.”

संचालक जेवणाकडे वळले. मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला आणि मला त्या शेवटच्या रांगेपर्यंत नेलं.

“ही माझी मावसबहीण,” त्या म्हणाल्या. “आणि हे आगाशे, आमच्या कचेरीतले.”

ती बाई उठून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

“नमस्कार,” ती म्हणाली. “आपण पहिल्यांदाच भेटतोय.”

“हो,” मी हात जोडले. “पहिल्यांदाच.”