ध्यानात होते, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सरांना नाही, ग्रुपमधल्या कुणाला नाही, डॉक्टरला तर नाहीच — आणि ज्या एका माणसाला सांगायची गरजच नव्हती, ती गेली. तुम्हाला सांगतेय म्हणजे तुम्ही फार जवळचे आहात असं समजू नका. तुमचं तोंड मला दिसत नाही, एवढंच. समोर असतात तर मी आताही तेच जुनं सांगितलं असतं आणि तुम्ही मान डोलावली असतीत. सगळे डोलावतात.

आमच्याकडे बाळकुमला दर रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा-वीस जण बसायला येतात. नुसतं बसायला. मंत्र नाही, कुणाचा फोटो नाही, उदबत्तीसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून चाळीस मिनिटं बसायचं, श्वास चाललाय तसा चालू द्यायचा. आपलं खरं रूप आपल्यातच असतं, ते कुठून आणावं लागत नाही, आतली गडबड थांबली की दिसतं — एवढंच त्यामागचं म्हणणं. त्यांना मी बसवते. मला ते नंदाताई म्हणतात. कुणी नवीन आलं की जुने त्याला बाजूला घेऊन माझी गोष्ट सांगतात. यांची बहीण घरातच पडली, दहा पावलांवर, आणि यांना कळलंसुद्धा नाही, इतक्या खोल गेलेल्या. सांगताना आवाज खाली आणतात. मी सतरंज्या घालत असते, पण ऐकू येतं. कान माझे चांगले आहेत.

फार चांगले आहेत. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं विजेचे स्विच तपासले. बटण दाबायचं आणि आवाज ऐकायचा. शंभरातला एखादा जरा बोदा वाजायचा, तो बाजूला काढायचा. मशिनांच्या घरघरीतही मला तो कळायचा. अशा बाईला सख्ख्या बहिणीची हाक ऐकू आली नाही, हे लोकांना पटलं कसं? कुणी विचारलं नाही. गोष्ट आवडली की माणसं ती तपासत नाहीत.

ताईबद्दल सांगायला हवं. शालिनी, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं, आणि ते ती कधी विसरू द्यायची नाही. डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवायची. भावजी गेल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, ती माझ्याकडे राहायला आली. माझं लग्न जमलं नाही त्यात ताईचा हात होता, असं मी वर्षानुवर्षं धरून चालले होते. आज ते खात्रीने सांगता येणार नाही. पण राग खरा होता. सकाळी डोळा उघडल्यापासून तिचा आवाज — शिट्या मोजल्यास का, फडकं असं पिळतात का, हे काय नेसलीयस. साठीला आलेल्या बाईला!

रिटायर झाल्यावर मी बसायला लागले. मनःशांतीसाठी, असं सगळ्यांना सांगत आले. खरं कारण सांगू? त्या चाळीस मिनिटांत ताईला उत्तर द्यावं लागत नसे.

तिला ते कळलं होतं. तिला सगळंच कळायचं. मी बसले की स्वयंपाकघरातून हाक यायची. नंदे, दूध बघ. नंदे, बेल वाजली. दूध उतू जात नसायचं, बेल वाजलेली नसायची. मी उठून गेले की म्हणायची, बकध्यान नुसतं, बगळ्याचा डोळा माशावर आणि तुझा माझ्यावर. एका सोमवारी आमचे सर आणि ग्रुपमधल्या तिघी चहाला आल्या होत्या. सर म्हणजे एक रिटायर्ड इंजिनिअर, आम्हाला बसायला त्यांनीच शिकवलं. ताई त्यांच्यासमोर म्हणाली, "हिला म्हणे स्वतःचं खरं रूप बघायचंय. मला विचारलं असतं तर पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलं असतं."

सगळे हसले. सरही हसले. मी कप उचलून आत नेले आणि सिंकपाशी उभं राहून ठरवलं — उद्या हाक आली तर उठायचं नाही. काही झालं तरी.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी बसले. मोबाइलवर चाळीस मिनिटांची घंटा लावली. ताई आंघोळीला गेली. बादलीत पाणी पडत होतं, मग नळ बंद झाला, मग बादली कलंडल्याचा आवाज. आणि हाक. पण नेहमीची नव्हती. 'नंदे'मधलं 'दे' आलंच नाही. नुसतं 'नं—', जीभ जड झाल्यासारखं. असले आवाज वेगळे काढण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली होती. मला त्याच क्षणी कळलं.

मी उठले नाही.

तुम्ही इथपर्यंत कधीच येऊन पोचला असाल. पण थांबा, एवढ्यावर भागत नाही.

मी मान वळवली. आमच्या घरच्या हॉलमधून बाथरूमपर्यंतचा पॅसेज सरळ दिसतो. दार उघडं होतं, गुडघ्यांच्या भीतीने ताई ते लावून घेत नसे. ताई लादीवर कुशीवर पडली होती, गाऊन भिजलेला, एक हात पुढे आलेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. किती वेळ? दोन श्वास. समोरच्या मोबाइलवर सहा अडतीस झाले होते. मग मी मान पुन्हा भिंतीकडे केली आणि डोळे मिटले.

पुढची बत्तीस मिनिटं मी बसून होते. काय चाललं होतं मनात? आधी वाटलं, नाटक करतेय — नाही, हे खोटं. वाटलं नव्हतं, मी तसं वाटून घ्यायचा प्रयत्न करून बघितला. मग म्हटलं, या श्वासानंतर उठू. मग म्हटलं, आता उठले तर इतका वेळ का नाही उठलीस, याचं काय सांगणार? आणि मग — हे सांगायला जड जातंय — घर शांत झालं होतं. कुणी मला हाक मारत नव्हतं. मला ते बरं वाटलं.

घंटा वाजली. मी उठले, ओरडले, शेजारच्यांचं दार बडवलं. तो भाग मी अगदी नीट केला.

आठ वाजता आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने भराभरा सांगितलं. मेंदूत गुठळी आहे, ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून वेळ नेमकी हवी. झटका कधी आला?

मी म्हटलं, माहीत नाही.

"मग शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत त्यांना?"

"रात्री. झोपताना, दहाला."

तिने पुन्हा विचारलं. सकाळी काहीच बोलल्या नाहीत? बाथरूममध्ये स्वतः चालत गेल्या असतील ना? पाण्याचा, पडल्याचा, कसला तरी आवाज? ती जवळजवळ माझ्या हातात उत्तर ठेवत होती. मी तिच्याकडे बघून म्हणाले, "मी ध्यानात होते. मला तेव्हा काही ऐकू येत नाही."

झटक्याची वेळ माहीत नसली की तिथपासून मोजतात: रात्री दहा ते सकाळी आठ. इंजेक्शन दिलं नाही. तिने कागदावर तसं लिहिलं, मी खाली सही केली. सहा अडतीस एवढं म्हटलं असतं तर? झटक्याला दीड तासही झाला नव्हता. मला वेळ पाठ होती. ती सांगितली तर पुढचा प्रश्न काय येईल, हेही पाठ होतं.

नंतर ती डॉक्टर म्हणाली की इंजेक्शन देऊनही वाचा राहिलीच असती याची खात्री नसते. बिचारी धीर देत होती. ते वाक्य मी पुष्कळ वर्षं उशाशी घेऊन झोपले.

ताईची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ती तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत मी तिचं सगळं केलं — भरवणं, पुसणं, कूस बदलणं. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, सख्खी मुलगी करणार नाही एवढं करते. आणि ताई माझ्याकडे बघायची. लादीवरून बघितलं होतं तसंच. रागाने असं म्हणता येणार नाही. गणिताचं उत्तर चुकलेल्या मुलाकडे बाई बघतात, आता सांगेल, मग सांगेल, म्हणून थांबतात — तसं.

बोलायला शिकवणारी एक बाई आठवड्यातून दोनदा यायची. तिने ताईच्या डाव्या हातात पाटी-पेन्सिल दिली. पहिले दोन महिने नुसत्या रेघोट्या. मग एका दुपारी मी वरण-भात घेऊन आत गेले तर पाटीवर वाकडातिकडा 'न' होता, त्यावर टिंब. पुढे काय येणार होतं? माझं नुसतं नाव असेल. पाणी दे, असेल. मला माहीत नाही, कारण ती पाटी मी त्याच दुपारी माळ्यावर टाकली. त्या बाईला सांगितलं, पाटी दिली की ताई चिडते, तिला त्रास होतो. ताई हे ऐकत पडली होती. तिचं ऐकणं शाबूत होतं.

ग्रुपमध्ये बातमी आधीच पोचली होती. मी पहिल्यांदा परत गेले त्या रविवारी सगळ्यांनी मला कौतुकाने जागा करून दिली. बायकांनी हात धरले. म्हणे, केवढी ती एकाग्रता. सरांनी मात्र सगळ्यांसमोर विचारलं, "काहीच ऐकू आलं नाही?"

"नाही, सर."

"मग ती झोप होती, नंदा. नीट बसलं की ऐकू जास्त येतं."

मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. म्हाताऱ्याचा जळफळाट होतोय, असं मी दोघी-तिघींना सुचवलंही. वर्षाच्या आत ते मुलाकडे नाशिकला गेले. मी त्यांना निरोपाचा फोनही केला नाही. ग्रुप मग आपोआप माझ्याकडे आला.

ताई गेल्यावर दोन महिन्यांनी आम्ही खडवलीला नदीजवळ एक बंगला घेऊन दोन दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिसऱ्या बैठकीत, मला दिसलं. होय, तेच — ज्यासाठी लोक वर्षानुवर्षं भिंतीकडे तोंड करून बसतात. उजेड वगैरे काही नव्हता. मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्या मंगळवारी मान फिरवली ती कुणी तरी वेगळीच, रागाने पिसाळलेली बाई होती, आणि तिच्याखाली खोल कुठे तरी मी आहे — स्वच्छ, बरी. त्या सकाळी खाली जाऊन बघितलं. खाली दुसरं कुणी नव्हतं. तीच होती. तिला सगळं ऐकू येतं, सगळं दिसतं, आणि ती बसून राहते. पिसाळलेली तर अजिबात नव्हती. शांत होती.

डोळ्यांतून पाणी आलं. बाकीच्यांना वाटलं, यांना झालं. एकीने वाकून नमस्कार केला. सगळे विचारायला लागले, काय दिसलं, सांगा ना. मी म्हणाले, शब्दांत सांगता येत नाही. सगळ्यांनी मान डोलावली. मला त्या वेळी त्या प्रत्येकाची किळस आली, आणि तरी मी हात उचलून त्या बाईच्या डोक्यावर ठेवला.

इतकं बघूनही काही बदललं का? कशाला बदलेल? खरं रूप दिसलं की माणूस सुधारतो, असं कुणी कुठे म्हटलंय?

मागच्या रविवारी डोंबिवलीहून येणारी पूर्वा बैठक संपल्यावर थांबली. तिशीची आहे, बँकेत आहे, चार महिने येतेय. तिचे बाबा दीड वर्षापासून अंथरुणाला खिळलेत, घरात ती दोघंच. म्हणाली की सकाळी ती बसली की बाबा हाका मारतात. कधी पाणी हवं असतं, कधी काहीच नको असतं. म्हणून आता ती बसताना त्यांच्या खोलीचं दार लावून घेते, पण हाक तरी येतेच. चेहऱ्यावर अपराधीपणा होता, आणि त्याच्या आत, अगदी बारीक, दुसरं काही तरी. ते मी ओळखलं. दुसऱ्या कुणाला ओळखता आलं नसतं.

"ताई, मला अजून ऐकू येतं," ती म्हणाली. "तुमच्यासारखं बंद कधी होईल?"

हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. पंखा मी बंद केला होता. आज घरी जा आणि ते दार उघडं ठेव, एवढंच सांगायचं होतं. त्याला माझी गोष्ट सांगायचीही गरज नव्हती. ती वाट बघत होती.

मी म्हणाले, "होईल हळूहळू. बसत राहा."

तिला हायसं वाटलं. ती पाया पडली आणि स्टेशनची रिक्षा पकडायला निघून गेली.