कोऱ्या काचेवरचा ठिपका

संशयी स्वभाव प्रयोगशाळेत गुण समजला जातो, त्यामुळे माझा कधी सुटला नाही.

चंदीगडच्या आमच्या प्रयोगशाळेत दोघंच मराठी. मी साताऱ्याचा, पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. ती अमरावतीची, नुकतीच आलेली, मला दादा म्हणणारी. प्रयोग मुळात माझा. इंडस्ट्रियल एरियातून आणलेला पांढरा रंग एका काचेवर फासायचा. त्यातून लेसर सोडला की प्रकाश इथल्या जानेवारीच्या धुक्यातल्या हेडलाइटसारखा पसरतो. मागच्या दुसऱ्या काचेवर हिऱ्याचे अतिसूक्ष्म कण, एका वेळी एकच फोटॉन सोडणारे. संगणक लेसरची लाट जराजरा बदलत राहतो. ज्या बदलाने कण जास्त चमकला, तो ठेवतो. शेवटी प्रकाश त्या कणावर एका ठिपक्यात एकवटायला हवा. दोन वर्षं माझा एकवटला नाही. तिने संगणकाचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला, आणि तिचा तीन आठवड्यांत एकवटला.

मला ते पचलं नाही. जळफळाट होता, तेव्हा मी त्याला काटेकोरपणा म्हणत होतो. ती जेवायला गेली की तिची वही चाळायचो. वहीत काही सापडेना, तसा संशय वाढतच गेला. अखेर एका दुपारी, तिच्या नकळत, मी कण नसलेली कोरी काच बसवली. चमकायला कणच नाही, ठिपका तरीही आला. तिने प्रोग्रॅममध्येच काहीतरी भरून ठेवलंय, अशी माझी खात्री झाली. तडक आमच्या गाइड सरांकडे गेलो. परिषदेला पाठवलेला तिचा पहिलावहिला शोधनिबंध त्यांनी त्याच संध्याकाळी मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, काच कुठली होती. धुतलेल्यांच्या डब्यातली, मी म्हणालो. वापरलेल्या काचा धुऊन पुन्हा घ्यायची आमची पद्धत, आणि त्या धुवायचो मीच. तिने नव्या पाकिटातली काच लावली. ठिपका नाही. माझी लावली, आला. धुऊनही एखादा कण चिकटून राहिला होता, आणि तिच्या प्रोग्रॅमला एवढा एक पुरत होता.

मी सरांना सगळं सांगितलं. परिषदेची मुदत टळून गेली होती. अगले साल देखेंगे, ते म्हणाले.

मग तिची माफी मागायला गेलो. तिने मान वर केली नाही.

"सरांकडे जायच्या आधी मला एकदा विचारायचं न, दादा. मी बाजूलाच तर बसते."

ते मला एकदाही सुचलं नव्हतं.