बिनमशीनची गिटार

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घराला कुलूप लावून रस्त्यावर आलो तेव्हा माझ्या पाठीवर चादरीत गुंडाळलेली इलेक्ट्रिक गिटार होती. समोरच्या किराणावाल्याला वाटलं, मी फवारणीचा पंप घेऊन शेतावर निघालो आहे. मला शेत नाही. पण ‘गिटारीसाठी ॲम्प शोधायला देवरीला चाललोय’ असं सांगण्यापेक्षा मान हलवणं सोपं होतं.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. गिटार बहुतेक पुस्तकांतून शिकलो, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. माझ्याकडे तीन गिटारी आहेत आणि मला गाणी दोनच येतात, म्हणजे एक गिटार कायम जास्तीची. तिन्हींवर मी हौसेनं बरेच प्रयोग केलेत. एकीला ट्रॅक्टरचा लाल रंग आहे, कारण ती रंगवणारा ट्रॅक्टरच रंगवतो. दुसरीला पंख्याच्या रेग्युलेटरची बटणं आहेत. तिसरी, माझी सर्वांत लाडकी, सागवानाची. ती ज्या सुताराकडून करून घेतली तो आयुष्यभर दरवाजे करत आला होता. त्यामुळे तिचं वजन दरवाजाएवढं आहे आणि कडेला चौकटीवर असते तशी वेलबुट्टी.

ॲम्प, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारी पेटी, मात्र कधीच नव्हता. ॲम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटार म्हणजे कानाशी गुणगुणणारा डास. माझी मोठी बहीण सुमनताई आणि मी, आम्ही दोघंच घरात. तिचा रेडिओ, तिचा कुकर, फोनवर मोठ्यानं बोलायची तिची सवय, या सगळ्यात माझा डास सुखानं राहत होता. भाद्रपदात ताई गेली. त्यानंतर गिटार हातात घेतली की तार कमी आणि घर जास्त ऐकू यायचं. मी ती परत ठेवून द्यायचो. असे सहा महिने गेले. मग ठरवलं, ॲम्प आणायचा आणि घर आवाजानं भरून काढायचं. नाही जमलं, तर तिन्ही गिटारी विकून मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक येऊनही गेलं होतं. महिनाभरात सांगतो म्हणालो होतो.

ॲम्प घरबसल्या मागवता येतो, हे मला माहीत आहे. पण मग घराबाहेर पडायला कारण उरलं नसतं. शिवाय जुन्या, काचेच्या बल्बांच्या ॲम्पचा आवाज उबदार असतो, असं मी वाचलं होतं. माझं सगळंच वाचलेलं असतं.

गोंदियाच्या बाजारात आधीच विचारून झालं होतं. दुकानदारानं गिटारीकडे, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. “सर, डीजे वाला ले जाओ. शादी में भी काम आएगा.” कोणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही.

देवरीला पोचेपर्यंत एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना मोहाची झाडं दिसत होती. खाली पाचोळा जाळून जागा साफ केलेली, फुलं वेचायला. स्टँडवर तर्री घातलेला आलुबोंडा (बटाटेवडा) खाल्ला आणि नाक पुसत साउंडवाल्याचं दुकान शोधलं. दुकानात माणसाहून उंच स्पीकरची भिंत होती. मालकानं मला तिच्यासमोर उभं केलं आणि नुसतं एक बटण दाबलं. माझा चष्मा नाकावरून उतरला.

“कसा हाय?”

“घर लहान आहे हो.”

“मंग घर बदला,” तो हसत म्हणाला, आणि बल्बवाल्या ॲम्पचं ऐकून आणखी हसला. “तशी मशीन आता म्युझियमात. नाहीतर डोमाजीकडं. अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावात राहाते. नाटकाले साउंड लावे थो, अनाउन्सही करे.”

पुढच्याच रविवारी गोंदियाहून अर्जुनीची पॅसेंजर धरली. दरवाजाएवढी गिटार मांडीवर घेतली. समोर तेंदूपानांच्या गोष्टी करणाऱ्या दोन बाया होत्या. बराच वेळ त्यांनी धीर धरला.

“कायचं हाय गा हे?” एकीनं विचारलं.

“गिटार.”

“मंग वाजवा ना.”

“याला मशीन लागते.”

“अन् मशीन कोठी हाय?”

“तीच आणायला चाललोय.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “मंग गिटार कायले संगं घेऊन फिरून राहिले? मशीन घरी आनली असती!” मी गिटारीवरची चादर आणखी घट्ट गुंडाळली.

अर्जुनीहून काळ्यापिवळ्या जीपनं गावात गेलो. डोमाजींचं घर बोडीच्या (लहान सिंचन तलावाच्या) पाळीजवळच होतं. पाणी आटत चाललं होतं, बगळे चिखलात उभे होते. डोमाजी सत्तरीचे, बारीक, आवाज मात्र अजून शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. त्यांच्या बायकोनं, कौसल्याबाईंनी, आधी जेवायला वाढलं. भात आणि पोपटीच्या (वालाच्या) दाण्यांची भाजी. मी ‘पुरे’ म्हणालो की त्या वाढत, म्हणून म्हणायचं थांबलो. तरीही त्या वाढतच राहिल्या.

मशीन माळ्यावरून खाली आली. लाकडी पेटी, आत काचेचे बल्ब, जाळीमागे स्पीकर. स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला होता.

“कायी फिकर नाही,” डोमाजी म्हणाले. “भोंगा हाय ना चिंचेवर. त्याच्यावर पाहू.”

गिटारीची पिन बसेना, तेव्हा त्यांनी तारा पिळून जोडल्या. बल्ब हळूहळू तांबूस झाले. पुस्तकात वाचलेली ऊब समोर बघून मी भारावलो आणि नको तितक्या जोरात तार छेडली.

चिंचेवरचे सगळे कावळे उडाले. भोंग्यातून जो आवाज निघाला त्याला सूर म्हणणं धाडसाचं होईल. मी घाबरून बटण फिरवलं, ते उलट्या बाजूला. आता भोंगा किंचाळू लागला. डोमाजींनी धावत येऊन तो आवरला, पण तोवर उशीर झाला होता. गल्लीतून माणसं यायला लागली होती. बायांच्या हातात टोपल्या, गंज (पातेली), थैल्या.

मला काही समजेना. कौसल्याबाईंनी कपाळावर हात मारला. “बोडीतले मासे वाटाचे रायले की भोंगा वाजवतेत. आता हे सारे मासे न्याले आले!”

“मासे नाही आज!” डोमाजी ओरडले.

“मंग भोंगा कायले लावला?” एक म्हातारी चिडली. “मी तांदूर शिजत टाकून आली!”

“ट्रायल होती, आजी,” मी म्हणालो. “मी गोंदियाहून…”

“गोंदियाले भोंगे नाही का?”

डोमाजी माझ्याजवळ आले. खजील दिसत होते. हळूच म्हणाले, “सर, आमच्या गावात भोंगा रिकामा वाजत नाही. मासे नाही, तर कोनाच्या तरी नावानं वाजते. तुमी कोनाच्या नावानं वाजवून राहिले?”

“कोणाच्याच नाही. ट्रायल फक्त.”

“ट्रायल असं कोनाचं नाव नसते.”

माणसं वाट पाहत होती. ताई गेल्यापासून मी तिचं नाव कागदांवर कितीतरी वेळा लिहिलं होतं. बँकेत, पेन्शनच्या ऑफिसात, गॅसच्या एजन्सीत. तोंडानं एकदाही उच्चारलं नव्हतं. घरात ऐकायला कोण होतं?

“सुमन,” मी म्हणालो. “माझी ताई.”

“हाय का गेली?”

“गेली.”

डोमाजींनी माईक हातात घेतला, त्यावर फुंकर मारली, आणि ताठ झाले. “मंडळी! कैलासवासी सुमनताई यांच्या स्मरणार्थ, त्यांचे लहान बंधू, गोंदियाचे लायब्ररीवाले सर, यांच्याकडून…” इथे ते अडले. आजवर या वाक्यापुढे देणगीचा आकडा यायचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. “…यांच्याकडून गिटार!”

ताईचं नाव बोडीवरून पलीकडे गेलं आणि जंगलाच्या बाजूनं थोडं परत आलं. चिडलेल्या म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला. एका माणसानं विडी विझवून कानामागे खोचली.

आता वाजवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोन गाण्यांपैकी जे कमी वाईट येतं ते घेतलं. मध्येच चुकलो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी चुकलो, पण तसाच पुढे गेलो. चष्मा ओला झाल्यानं बोटं दिसत नव्हती. दिसली असती तरी फार फरक पडला नसता. कोणी हसलं नाही, कोणी हललंही नाही. रिकामी गंजं कमरेवर घेऊन सगळे शेवटपर्यंत उभे राहिले.

संपल्यावर म्हातारीनं विचारलं, “आनखी हाय का?”

“नाही.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून, “बहीन चांगली असन तुमची. लयच ऐकून घेतलं तिनं.”

पेटी डोमाजींनी दिली. भोंगा गावाचा, तो चिंचेवरच राहिला. पुढच्या आठवड्यात गोंदियात पेटीला नवा स्पीकर बसवून घेतला, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

रविवारी सकाळी गॅसवर डाळ ठेवली आणि मशीन लावली. घर खरंच भरलं. मांडणीवरचे पेले किणकिणले, खिडकीचं तावदान थरथरलं. मी एक गाणं वाजवलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. अडायचो ती जागा एकदा नीट गेली, म्हणून परत वाजवून पाहिली, तर पुन्हा चुकली. किती वेळ गेला कळलं नाही. करपलेल्या डाळीचा वास आला तेव्हा कुठे थांबलो.

ताई असताना डाळ कधी करपली नव्हती. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “पुरे रे आता, पानं घेतलीत.” मला वाटायचं, माझा रियाज तिच्यामुळे अर्धवट राहतो. आता रियाजाला हवा तेवढा आवाज आहे, हवा तेवढा वेळ आहे, आणि थांब म्हणणारं कोणी नाही. ते एक काम माझ्याकडे नवीन आलं आहे. पहिल्या दिवशी ते मला मुळीच जमलं नाही.

मशीन बंद केली. बल्ब विझायला थोडा वेळ घेतात. तोवर पातेल्यातली वरची, न करपलेली डाळ अलगद काढून घेतली, आणि एकच पान वाढलं.