बुंध्याभोवतीची जागा

मिस्तरीला फट सहन व्हायची नाही. भिंत जिथं जमिनीला टेकते तिथं बोटभर जागा सुटलेली दिसली, की हातातला चहा बाजूला ठेवून तो आधी ती बुजवायचा. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी हेच. बायको चिडायची. "अहो, जेवायला बोलावलंय आपल्याला, कामाला नाही." तो म्हणायचा, "पाणी शिरायला सुईएवढी वाट पुरते."

ती बायकोही काही बसून खाणारी नव्हती. ऐन उमेदीत त्याच्याच बांधकामांवर तिनं विटा वाहिल्या होत्या. पुढं गुडघ्यांनी संप केला, तेव्हा घरामागच्या तुकड्याकडे वळली. तुकडा कसला, मिस्तरीनं आयुष्यभर घरी आणून टाकलेल्या विटांच्या तुकड्यांची आणि सिमेंटच्या ढेकळांची ती जागा. कुदळ मारली तर ठिणगी उडायची. तिथं तिनं पाचोळा घालायला सुरुवात केली. रस्ता झाडणारी बाई वाळलेल्या पानांचं पोतं कोपऱ्यावर ठेवायची आणि ही ते फरफटत आणायची.

"लोक कचरा घराबाहेर टाकतात," मिस्तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचा, "आमच्याकडे तो पाहुण्यासारखा आत येतो."

"पाहुण्यासारखा येतो आणि राबून जातो," ती आतून उत्तर द्यायची. "काही माणसांना तेही जमत नाही."

पाचोळा कुजत गेला, खाली काळी माती झाली. मग वांगी आली, मिरच्या आल्या आणि मधोमध एक मोसंबीचं कलम आलं. मोसंबीचे लाड वेगळे. आधी मुळांपर्यंत पाणी मुरवायचं, मग हातानं चुरलेला पाचोळा हातभर लांबपर्यंत पसरायचा. मिस्तरी ओट्यावर बसून हे सगळं बघायचा. हात कधी लावला नाही. ते तिचं खातं होतं.

ज्या वर्षी मोसंबीला पहिल्यांदा फळं धरली, त्याच वर्षी बायकोनं अंथरूण धरलं. हृदय दमलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. वाकायचं नाही, उचलायचं नाही. मिस्तरीनं तिची खाट मागच्या खिडकीशी आणली, पायांखाली लाकडाचे ठोकळे घालून उंच केली. आडवं पडल्या पडल्या तिला झाड दिसायला लागलं. हिरव्या गोट्यांएवढी फळं पानांत लपली होती.

"एवढी पिवळी झालेली बघते," ती म्हणाली, "मग बोलावलं तर जाईन."

"गप गं."

"गप काय? ऊन बघा कसं पडलंय. पाचोळा पार उडून गेला. मुळं भाजतील."

मिस्तरीला यात कामाचा हुकूम ऐकू आला. आयुष्यभर त्याला हुकूमच कळले होते. दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावर गेला आणि पोतं खांद्यावर मारून आणलं. फरफटत आणलं असतं तरी चाललं असतं, पण फरफटत आणणं त्याच्या बुद्धीला पटेना. पानं कोयत्यानं बारीक केली. झाडाला बादल्या घातल्या, पाणी मुरू दिलं. मग थर लावायला बसला. एक थर आडवा, त्यावर दुसरा उभा, प्रत्येक थर ओला करून तळव्यानं दाबलेला. मध्येच कंबर धरली, तर उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. काम अर्धं सोडून जाणं त्याला येत नव्हतं.

शेवटी बुंध्यापाशी आला आणि थांबला. तिच्या जुन्या पाचोळ्याची कड अजून दिसत होती. बुंध्याभोवती वीतभर जागा चारी बाजूंनी कोरडी, मोकळी सुटलेली. मिस्तरीला गलबलून आलं. त्याला वाटलं, इथपर्यंत वाकायला गुडघे देत नव्हते तिचे. एवढी वर्षं इथवर येऊन तिला थांबावं लागत होतं आणि आपण ओट्यावर बसून गंमत करत होतो.

त्यानं ती जागा भरली. नुसती भरली नाही, लाकडी ठोकळ्यानं चोपली आणि खोडालगत वर चढता उतार दिला, गच्चीच्या कडेला देतात तसा.

मग हातपाय न धुताच आत गेला.

"झालं तुझं काम," म्हणाला. "अगदी खोडापर्यंत नेलंय. मुंगी शिरायची नाही."

तिनं खिडकीतून पाहिलं. मग त्याच्या हातांकडे पाहिलं. काटक्यांनी ते ओरबाडले होते, नखांत काळी माती गेली होती.

"अगदी खोडापर्यंत?" तिनं विचारलं.

"अगदी."

तिनं अंग सरकवून खाटेच्या कडेला जागा केली. "बसा," म्हणाली. "बसा इथं. सगळं सांगा, कसं केलंत ते."

मिस्तरी बसला. कामावरून घरी येऊन तो कधी बोलायचा नाही. दिवसभर ओरडून घसा बसलेला असायचा, ताट पुढं आलं की जेवायचा आणि आडवा व्हायचा. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा खाटेच्या कडेला बसून बोलला. पोतं किती जड होतं, पानं कुठल्या झाडाची होती, थर कसे लावले. ती विचारत राहिली, तो सांगत राहिला. मग हे रोजचंच झालं. दिवसा तो झाडाचं काहीतरी काढायचा आणि संध्याकाळी हिशेब द्यायला बसायचा. तिला दम लागायचा, म्हणून ती थोडकं बोलायची. ऐकताना मात्र डोळे मिटायची नाही.

एका सकाळी मिस्तरी मागं गेला, तर बुंध्याजवळचा पाचोळा उकरलेला. पुन्हा तीच मोकळी जागा.

"मांजर!" तो खिडकीशी येऊन ओरडला. "तू लाडावून ठेवलेलं ते गल्लीतलं मांजर. सगळं उकरून ठेवलंय."

"असेल," ती आतून म्हणाली. "राहू द्या ना थोडी मोकळी. झाडालाही श्वास हवा."

"माझ्या हातच्या कामात खड्डा? चार लोक बघतील तर काय म्हणतील?"

"इथं कोण चार लोक येतात? एक मशीनवाली येते."

मशीनवाली म्हणजे शेजारची शिवणकाम करणारी. मिस्तरी बाहेर गेला की हिच्यापाशी येऊन बसायची. मिस्तरी तिला वहिनी म्हणायचा.

त्यानं खड्डा भरला, आधीपेक्षा जास्त चोपला. मांजरानं पुन्हा उकरलं. त्यानं पुन्हा भरला आणि वर भिजवलेलं गोणपाट गुंडाळलं, कडांवर विटा ठेवल्या. त्या दिवशी संध्याकाळी तो विजयी मुद्रेनं म्हणाला, "आता येऊ दे तुझ्या मांजराला."

ती हसली. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्यापुढं कुणाचं चालणार," म्हणाली.

त्यानंतर मांजर फिरकलं नाही.

ऊन उतरायला लागलं आणि मोसंबीची पानं पिवळी पडायला लागली. शिरा आधी, मग सबंध पान. फळं वाढायची थांबली. एक गळलं, मग रोज गळायला लागली. मिस्तरीला वाटलं, पाणी कमी पडतंय. बादल्या वाढवल्या. मग वाटलं, पाचोळा कमी पडतोय. तोही वाढवला. ती जागी व्हायच्या आत पहाटे उठून तो गळालेली फळं वेचायचा आणि पोत्याखाली लपवायचा.

"आज किती आहेत झाडावर?" ती विचारायची.

"आहेत की भरपूर. पानाआड आहेत, तुला दिसायची नाहीत."

"बरं," ती म्हणायची.

झाडावर शेवटची फळं असतानाच ती गेली. दुपारी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबली नाही. लेक दूरच्या गावाहून आली, रडली, वडिलांना सोबत चला म्हणाली. "झाडाला पाणी कोण घालणार?" असं मिस्तरीनं विचारलं. लेक एकटीच परत गेली.

मिस्तरी मात्र झाडाच्या मागं हात धुवून लागला. एक फळ तरी पिवळं करून दाखवायचं, एवढंच त्याच्यापाशी उरलं होतं. कुणाला दाखवायचं, हा विचार त्यानं केला नाही. नवं पोतं आणलं आणि थर लावायला बसला.

कुंपणापलीकडून मशीनवाली बघत होती. ती फाटक ढकलून आत आली.

"भाऊ, पुरे करा."

"का? घाण वाटते?"

"नाही हो." ती खाली बसली. विटा बाजूला केल्या, गोणपाट सोडलं आणि दोन्ही हातांनी पाचोळा मागं ओढला. आंबट वास आला. बुंध्याची साल काळी पडून फुगली होती. भेगांतून डिंक ओघळला होता. तिनं बोट लावलं, तर ओल्या कागदासारखी साल निघून हातात आली. आत लाकूड तपकिरी. चारी बाजूंनी तसंच.

"खोडाला ओलं चिकटून चालत नाही मोसंबीला," ती म्हणाली. "कुजते. म्हणून ताई जागा सोडायच्या."

मिस्तरी बघत राहिला. "गुडघ्यांमुळं सोडायची," म्हणाला. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

"गुडघे दुखायचे, तरी जमिनीवर सरकत सरकत साफ करायच्या त्या ही जागा. मी पाहिलंय."

"तिला माहीत होतं? मी भरलं तेव्हा?"

मशीनवालीनं पदरानं हात पुसले. "मांजरानं कुठलं उकरलंय, भाऊ. मला पाठवायच्या त्या. तुम्ही बाहेर पडलात की म्हणायच्या, जा गं, हळूच मोकळं करून ये, मी सांगितलंय हे त्यांना कळू देऊ नकोस. तुम्ही विटा ठेवल्यात, तेव्हा मी म्हटलं, ताई, आता सांगूनच टाका. झाड जाईल."

"मग?"

"म्हणाल्या, जाऊ दे. एवढ्या वर्षांत माणूस माझ्यापाशी बसून बोलायला लागलाय. चुकलं म्हटलं, तर उद्यापासून गप्प होईल. झाडं काय, पुन्हा लावता येतात."

कुणी काही चुकलं म्हटलं, की मिस्तरी खरंच गप्प व्हायचा, दिवसच्या दिवस. बायकोनं ते काही मनानं रचून सांगितलं नव्हतं. ती रोज खिडकीतून बघत होती. तो पोतं आणताना, चोपताना, पहाटे फळं लपवताना.

"एकदा तिनं शिवी तरी द्यायची होती मला," तो म्हणाला. "एकदा."

मशीनवाली उठली आणि मशीनवर काम पडलंय म्हणून गेली. काम नसावं.

मिस्तरीनं उरलेला पाचोळा हातानंच मागं ओढला. वीतभर जागा चारी बाजूंनी मोकळी केली. ओली साल खरवडली, बुंधा फडक्यानं कोरडा केला. आता त्याचा काही उपयोग नाही, हे त्यालाही कळत होतं. मग उभा राहून त्यानं डोक्याएवढ्या उंचीवरच्या एका फांदीला नख मारलं. सालीखाली हिरवं निघालं, रसरशीत. खाली सगळं संपलं होतं आणि वर अजून ती खबर पोचली नव्हती.

त्यानं त्या फांदीवर हात ठेवला आणि तो तसाच उभा राहिला.